केळीचा कोपरा

आमच्या घराला भेग पडली आहे हे मला पहिल्यांदा लिंबानं सांगितलं. मे महिन्यातली दुपार होती, पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात पंखा नुसता गरम वारा ढकलत होता आणि मी सरबताला लिंबं कापत होते. एक लिंबू ओट्यावरून निसटलं, फरशीवर पडलं आणि गडगडत खिडकीखालच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. मी उचलून आणलं. संध्याकाळी दुसरं पडलं, तेही तिथंच गेलं. मी हायस्कुलात गणित शिकवते. दोनदा तेच उत्तर आलं की तिसऱ्यांदा करून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तिसरं लिंबू मी मुद्दाम सोडलं. मग कोपऱ्यातलं कांदे-बटाट्यांचं स्टँड ओढलं आणि मागची भिंत पाहिली. खिडकीच्या खालच्या टोकापासून एक तिरकी भेग निघून पार फरशीपर्यंत उतरली होती. तिथल्या दोन फरश्या पाय ठेवला की डुगडुगत होत्या.

भेग पाहून माणसं घाबरतात. मी चिडले. नवरा रोज रेल्वेनं चाळीसगावला नोकरीला जातो आणि रात्री जेवायच्या वेळेला उगवतो. त्याला दाखवली तर तो म्हणाला, रविवारी बघू. त्याच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट रविवारी बघण्यासारखी असते. कॉलनीतल्या बायका मात्र लगेच बघून गेल्या. एकीनं सांगितलं की कोपरा ईशान्येचा आहे, तिथं कांदे ठेवायचेच नसतात. दुसरीनं पांढरं सिमेंट भरून वरून कॅलेंडर लावायला सांगितलं. तिच्याकडे तशी चार कॅलेंडरं आहेत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा आमच्या गल्लीत तुटवडा नाही.

खरा माणूस धुळ्याला होता, आणि त्यालाच सांगायचं मला जिवावर आलं होतं. कारण हे घर त्यानं बांधलं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, चाळीस वर्षं गवंडी होते. धुळे जिल्ह्यात त्यांची घरं कुठं कुठं आहेत ते त्यांना पाठ आहे, आणि माझ्या हातच्या घराला भेग नाही हे वाक्य ते 'जेवण झालं का' इतक्या सहज बोलतात. बारा वर्षांपूर्वी पिंप्राळ्यात आम्ही प्लॉट घेतला तेव्हा ते स्वतःची माणसं घेऊन आले आणि लेकीचं घर उभं करून मगच त्यांनी थापी खाली ठेवली. त्यानंतर त्यांनी एकही घर बांधलं नाही. त्यांच्या हातचं ते शेवटचं घर, आणि भेग नेमकी त्यालाच. मी फोन केला नाही. जूनमध्ये पाऊस लागला, भेग मिटत मिटत खिडकीखाली वीतभर, केसाएवढी उरली, फरश्याही गप्प बसल्या. लिंबू पडलं तर पायाशीच थांबायला लागलं. मीही गप्प बसले.

आता नानांबद्दल सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते त्यांच्या जिव्हारी लागलं. नाना म्हणजे माझे सासरे, सावद्याचे केळी बागायतदार. घर झाल्यावर वर्षभरात सासूबाई गेल्या, तेव्हा नानांनी शेत थोरल्या दिरांच्या हवाली केलं आणि ते आमच्याकडे राहायला आले. येताना एक निळी रेक्झिनची बॅग आणली. ती त्यांनी दाराशी ठेवली आणि महिनाभर रिकामी केलीच नाही. कपडे त्यातून काढायचे, धुऊन वाळले की परत त्यातच घालायचे. मी कपाट रिकामं करून दिलं, त्यात फक्त त्यांची टोपी राहायला गेली. दर आठ-दहा दिवसांनी म्हणायचे, सावद्याला जाऊन येतो. आपला हात आमच्या घरात कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

मग एकदा ते सावद्याहून आले ते गोणपाटात केळीची तीन पिलं गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन. स्वयंपाकघराच्या कोपऱ्याबाहेर त्यांनी ती लावली. शहरातला माणूस झाडाला तांब्यानं पाणी घालतो. केळीवाला तसं करत नाही. तो आधी ठिबकची नळी अंथरतो, मग झाड लावतो. नानांनी गच्चीवरच्या टाकीपासून नळी आणली, झाडागणिक थेंबाची तोटी बसवली आणि दिवसरात्र पाणी सुरू केलं. त्याच आठवड्यात निळी बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली. वर्षभरात कोपऱ्यात केळीचं बन झालं. सत्यनारायणाला पानं, खांबाला खुंट, घड उतरला की प्रत्येक घरी फणी. कॉलनीत माझ्या नवऱ्याला कोणी ओळखत नाही, पण केळीवाले नाना सगळ्यांना माहीत. भेग पडली त्या उन्हाळ्यात तेवढे ते इथं नव्हते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन महिने थोरल्यांकडे होते. नळाला पाणी चार दिवसांआड येत होतं म्हणून मी ठिबक बंद केलं आणि धुण्याभांड्यांच्या पाण्यावर केळी कशीबशी जगवली. ते परत आले, पाहिलं आणि नळी सुरू केली.

दिवाळीनंतर आबा आले. मी कांद्याचं स्टँड भिंतीला घट्ट लावून ठेवलं होतं, पण ते घरात शिरले की पाहुण्यासारखे बसत नाहीत, भिंती चाचपत फिरतात. त्यांनी स्टँड सरकवलं आणि तिथंच मांडी घातली. लहानपणी ते मला भेगा वाचायला शिकवत. गिलाव्यावर जाळी पडली असेल तर घाबरायचं नाही, ती गिलावा घाईनं वाळल्याची खूण. उभी चीर दोन निराळ्या वस्तूंच्या सांध्यावर पडते, सिमेंटचा खांब आणि विटा एकमेकांशी पुरते जुळत नाहीत म्हणून. पण खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग भिंतीची नसतेच, ती जमिनीची असते. घराचा एक पाय वर गेला किंवा खाली गेला की ती पडते. त्या दिवशी मात्र ते मला काही शिकवत नव्हते. ते बराच वेळ त्या केसाएवढ्या रेघेकडे पाहत होते.

मग ते बाहेर गेले, केळी पाहिली, ओली माती चिमटीत घेतली आणि निकाल दिला. काळी माती पाणी पिऊन फुगते, भिंतीला रेटते. घराला केळीनं खाल्लं. आबा अहिराणी बोलतात, नाना सावद्याकडची बोली बोलतात. समोरच्याला कळलं नाही असं वाटलं की दोघंही आवाज वाढवतात. त्या दिवशी नानांना मात्र सगळं पहिल्याच आवाजात कळलं. बरं म्हणाले. दोन घड तयार होत आलेत, ते उतरू द्या, मग काढतो.

मी आबांच्या बाजूनं होते, हे कबूल करायला हवं. भिंतीजवळ पाणी म्हणजे वाईट, हे कोणालाही पटतं. शिवाय आबांचा शब्द राहिला याचा मला आनंद झाला होता. आबांनी जाताना भेगेवर काचेची एक पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकांना सिमेंट लावलं. भेग जिवंत असेल तर काच फुटेल, मेली असेल तर राहील. मला पेन्सिल देऊन सांगितलं की भेगेचं टोक दिसेल तिथं खूण करून तारीख टाकत जा.

नानांनी पौषात केळी काढल्या. एकटेच. शेवटचा कंद उपटून खड्डा नीट बुजवला, नळीची गुंडाळी केली आणि गच्चीवर ठेवली. चार दिवसांनी शाळेतून आले तर निळी बॅग पुन्हा दाराशी होती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, अक्षय्य तृतीयेची आखाजी इथं करतो आणि मग सावद्यालाच राहतो. तिकडे थोरल्यालाही सोबत होईल. थोरल्याच्या घरात अकरा माणसं आहेत, त्यांना सोबतीची काय वाण. मी बॅग उचलून माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दाराशी. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी जास्तच ओरडते, म्हणून त्या महिन्यात घरात सगळ्यांनी बोलणी खाल्ली.

होळी झाली, ऊन तापलं, आणि एका सकाळी काच फुटली. केळी काढून तीन महिने झाले होते. माती ठणठणीत कोरडी होती. तरीही भेग उघडली होती, आणि ती मागच्या मेपेक्षा मोठी. वर्गातल्या एका कारट्याकडून काढून घेतलेली स्टीलची पट्टी माझ्या पर्समध्ये होती. ती भेगेत सहज आत गेली. लिंबू सोडून पाहायची गरजच नव्हती, तरी मी सोडलं. ते कोपऱ्यात पळालं.

नाना त्या दिवशी बाहेरच्या कोपऱ्यात उकिडवे बसलेले दिसले. भिंत आणि जमीन यांच्यामध्ये माती आकसून फट पडली होती, आणि त्यांनी तिच्यात मनगटापर्यंत हात घातला होता. शेतात उन्हाळ्यात ते असंच करतात, रान किती वाळलं ते हातानं मोजतात. त्यांनी मला हाक मारून विचारलं की मागच्या उन्हाळ्यात ठिबक कधी बंद केलं होतं. मी सांगितलं, तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. आणि भेग कधी दिसली? साधारण महिन्यानं. आणि मिटली कधी? मी मनात तारखा जुळवल्या. ते परत आले, नळी सुरू झाली, पाऊस लागला, तेव्हा. दिवाळीपासूनच्या खुणा आत भिंतीवर माझ्याच अक्षरात होत्या: केळी होत्या तोवर टोक जागचं हललं नव्हतं, केळी गेल्यावर ते दर पंधरवड्याला पुढं सरकत होतं. मुलांना मी वर्षभर सांगते की आधी मांडणी बघा, मग उत्तर काढा. स्वतः मात्र उत्तर आधीच काढून ठेवलं होतं.

तरी मी लगेच मानलं नाही. वडिलांचं म्हणणं खोटं निघणार, हे कोणत्या लेकीला आवडेल? नानांनी वाद घातला नाही. गच्चीवरून नळीची गुंडाळी खाली आणली आणि त्या रिकाम्या कोपऱ्यात थेंब थेंब पाणी सुरू केलं. पाणी चार दिवसांआड, आणि हा माणूस उघड्या मातीला पाजतोय. मी त्यांच्यावर पहिल्यांदाच मोठ्यानं ओरडले. ते नळी नीट करत शांतपणे म्हणाले, "मातीले वल्लं राहू द्या नाही तं कोरडं राहू द्या. आज वल्ली, उद्या कोरडी, हे तिले सोसत नाही."

बारा-तेरा दिवसांनी पट्टी भेगेत जाईना. मी कडेनं, तिरकी, दाबून, सगळ्या बाजूंनी प्रयत्न केला. मग फरशीवर बसून एकटीच हसत सुटले. आम्ही ज्या केळींना गुन्हेगार ठरवून हाकलून दिलं, त्यांच्या ठिबकानं इतकी वर्षं माती एकसारखी ओली ठेवून घराचा कोपरा वर धरून ठेवला होता. पण हसू ओसरल्यावर प्रश्न उरलाच. बाकीचे तीन कोपरे कोणाच्या पाण्यावर उभे होते? त्यांना तर काहीच होत नव्हतं.

त्याचं उत्तर आबांकडे होतं. आखाजीला आमच्याकडे लेकीला माहेरी न्यायला मुराळी येतो. भाऊ नाही म्हणून माझे मुराळी आबाच, आणि या वयातही ते एसटीनं पिशवीत सांजोऱ्या घेऊन येतात. या खेपेला आले तर मी पाणी द्यायच्या आधी सगळं सांगून टाकलं: फुटलेली काच, खुणा, पट्टी, नळी. मला वाटलं चिडतील. त्यांनी सांजोऱ्यांची पिशवी माझ्या हातात दिली, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि पहार मागितली. नाना म्हणाले, ऊन उतरू द्या. आबा थांबले नाहीत. तेव्हा नानांनी फावडं घेतलं.

दोघं मिळून सव्वाशे वर्षांच्या वरची माणसं, कोपऱ्याबाहेर खड्डा खणत होती, एक खणतोय आणि दुसरा माती ओढतोय. मी छत्री धरून मधे उभी. चार फूट खाली पायाचा दगड संपला. त्याच्या खाली काळी माती होती, आणि अजून दोन हात पहार मारल्यावर पिवळा कठीण मुरूम लागला, जो ना फुगतो ना आकसतो. आबांनी पहार भिंतीला टेकवली आणि ते खड्ड्याच्या काठावर बसले.

"नाना, केळीसना काहीच दोष नही शे," ते म्हणाले. "हाऊ कोपरा मी मुरूम लागाना पहिलेच भरी दिना."

चाळीस वर्षं सांभाळलेलं वाक्य त्यांनी असं एका दमात मोडलं. नानांनी फावडं खाली ठेवलं आणि साधंच विचारलं, तीन कोपरे मुरुमापर्यंत नेले तर चौथ्यालाच का थांबले? आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर मातीकडे नेली.

"आळस, नाना. मना आळस, दुसरं काय."

आबा आणि आळस! तापात परांचीवर चढणारा हा माणूस. आणि मग मला ती सकाळ आठवली. बारा वर्षांपूर्वीची, दिवाळीनंतरची. चौथ्या कोपऱ्याच्या चरात पाणी झिरपत होतं. आबा म्हणत होते की पंधरा-वीस दिवस जाऊ दे, पाणी आटलं की मुरुमापर्यंत जातो. मला नव्या घरात आखाजी करायची होती. दरवर्षी मी माहेरी जाते, एकदा माहेर माझ्या घरी यावं, माझ्या अंगणात आखाजीचा झोका बांधावा, असं मनात घेऊन बसले होते. मी मजुरांसमोर आबांना म्हणाले होते की लोकांच्या पोरींची घरं भराभर उभी राहतात, तुमच्याच पोरीचं का रखडतं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर चर दगडांनी भरलेला होता, आणि मी खूश झाले होते. आखाजी नव्या घरात झाली, झोकाही बांधला. त्यानंतर तो विषय त्यांनी एकदाही काढला नाही. आता व्याह्यासमोर, शेवटच्या घराच्या खड्ड्याकाठी बसून, ते माझ्यासाठी स्वतःला आळशी म्हणवून घेत होते.

केळी, पाणी, नवरा, शेजारणी, सगळ्यांना मी वर्षभर धारेवर धरलं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात मी पटाईत. मी छत्री मिटली.

"आबा, आळस कसाना? घाई मनी व्हती."

सासरी आल्यापासून माझी अहिराणी गंजली आहे, पण ते वाक्य नीट आलं. आबा माझ्याकडे बघून नाही-नाही अशी मान हलवत राहिले आणि मला रडू आलं. नाना दोघांकडे पाहत होते. मग ते हसायला लागले, पोटापासून, डोळ्याला पाणी येईपर्यंत.

"पोरीनं घाई केली, तुमी पाया भरला, मी केळी लावल्या," ते म्हणाले. "आता तिघंबी धरा फावडं."

त्या वर्षी मी माहेरी गेले नाही. आबाच महिनाभर राहिले. जुनी दोन माणसं बोलावून त्यांनी कोपऱ्याखालची माती हातभर हातभर काढत, तेवढ्याच भागात लगेच काँक्रीट भरत पाया मुरुमावर टेकवला. घाई करू दिली नाही, आणि मी केलीही नाही. नवऱ्यानं चारही रविवार बघितलं. शेवटी भेग भरली, फरश्या बसवल्या, आणि भेगेच्या जागी काचेची नवी पट्टी लावली. ती अजून शाबूत आहे. आबा फोनवर आधी काचेची खुशाली विचारतात, मग माझी.

पाया पक्का झाल्यावर केळी कुठंही चालल्या असत्या, पण दोघांनी वाद घालून, आवाज वाढवून, कुंपणाकडेची जागा ठरवली. तेव्हा नाना म्हणाले, सावद्याला जाऊन येतो. दाराशी निळी बॅग होती, ती उचलून निघाले. मी कपाट उघडून त्यांची टोपी जागेवर आहे का ते पाहिलं. ती नव्हती.

तिसऱ्या दिवशी रिक्षा दाराशी थांबली. नाना उतरले, डोक्यावर टोपी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं, दोन्ही हातांनी बॅग पोटाशी धरलेली. चेन लागत नव्हती; वरून केळीचे हिरवे कोंब बाहेर आले होते. आत पाच पिलं, सावद्याच्या चिखलासकट. त्यांनी बॅग अंगणात उपडी केली, झटकली आणि माझ्या हातात दिली. मी ती तीन वेळा धुतली, साबणानं, सोड्यानं, शेवटी ब्रशनं. काळी माती शिवणीत गेली ती निघाली नाही. आता त्या बॅगेत कपडे ठेवायची सोय उरलेली नाही.